हिरव्या दाराची रांग

१

महिन्यातून दोन शनिवारी, सकाळी सात चाळीसच्या ट्रेनने उदय कर्णिक लीड्सहून लिव्हरपूलला निघायचा, तेव्हा बघणाऱ्याला वाटावं की गृहस्थ गाव सोडून पळताहेत. एका खांद्यावर ट्रायपॉड, पाठीवर सॅक, छातीशी तान्ह्या पोरासारखा धरलेला जुना रोलचा कॅमेरा, आणि मागे दोन पावलांवर डब्याची पिशवी घेतलेली बायको.

"अहो, लोक मोबाइलवर काढतात हो फोटो," नंदा ट्रेनमध्ये बसता बसता म्हणायची.

"मोबाइलवर काढतात ते पुरावे. फोटो वेगळा."

"आणि वेगळा फोटो धुवायला माझी बाथरूम लागते."

हा संवाद सत्तावीस वर्षांच्या संसारात इतका घोटून झाला होता, की तिकीट तपासणारासुद्धा मराठी न कळता योग्य ठिकाणी हसायचा.

उदयचं वय छप्पन्न. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची. सव्वीस वर्षं पगार घेऊन खोट काढल्यामुळे त्याचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं अशा माणसाला दिसलं. एखाद्या भाबड्याला दिसलं असतं तर आपण सोडून दिलं असतं.

लिव्हरपूलच्या जुन्या चिनी वस्तीत म्हाताऱ्यांचा एक लंच क्लब होता. तिथल्या लोकांची एक रीत होती. माणूस ऐंशीच्या पुढे गेला की चांगले कपडे घालून एक छानसा फोटो काढून ठेवायचा. वेळ येईल तेव्हा घरच्यांची धावपळ नको. उदयच्या ऑफिसातल्या एकाच्या आजीमुळे हे काम त्याच्याकडे आलं, आणि त्याने ते हौसेने घेतलं. त्याचे स्वतःचे वडील गेले तेव्हा घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता. कुणाच्या तरी मुंजीच्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केला, तर त्यात वडिलांच्या तोंडात जिलबी होती. अकरा वर्षं पुण्याच्या घरात तोच फोटो आहे. येणारा हार बघून गंभीर होतो आणि फुगलेला गाल बघून बुचकळ्यात पडतो.

"माणसाचा शेवटचा फोटो तोंड रिकामं असताना काढलेला असावा," उदय म्हणायचा.

फोटो काढायची जागा लाऊबाईंनी ठरवली. लाऊबाई एक्याण्णव वर्षांच्या, उंचीने उदयच्या कोपराएवढ्या, आणि क्लबच्या अनभिषिक्त पाटलीण. त्यांच्या घरामागे एक अरुंद गल्ली होती. दोन्ही बाजूंना काळवंडलेल्या विटांच्या भिंती, खाली गोटे, मधोमध गटाराची चिंचोळी पन्हळ. पूर्वी बोटींवरचे चिनी खलाशी या घरांमधून राहत. सकाळी दहा ते बारा तिथे वरून असा काही उजेड पडायचा, की जणू कुणी चाळणीतून पीठ चाळतंय. गल्लीच्या टोकाला एक हिरवं दार होतं. त्यापुढे रस्ता नव्हता.

"इथेच काढ, लव्ह," लाऊबाई म्हणाल्या. "आत ट्यूबलाइटखाली काढलास तर आम्ही जिवंतपणीच मेल्यासारखे दिसू."

त्यांच्याच स्वयंपाकघरातली खुर्ची गल्लीत आली. दोन कचऱ्याच्या डब्यांवर झाडू आडवा टाकून तोंडाशी रस्ता बंद झाला. रोलमध्ये फोटो बारा. पहिला फोटो उदय नेहमी रिकाम्या खुर्चीचा काढायचा, उजेडाचा अंदाज यावा म्हणून. मग अकरा म्हातारे, एकामागून एक.

"तुमचाही काढू ना?" त्याने पहिल्याच दिवशी लाऊबाईंना विचारलं.

"माझा मंगळवारी माहजाँगचा डाव असतो. मला वेळ नाही."

नंदा आत क्लबच्या स्वयंपाकघरात रमली. लिव्हरपूलमध्ये बायकांना 'क्वीन' म्हणायची पद्धत आहे. लाऊबाई तिला 'क्वीन' म्हणत आणि तिच्या डब्यातली लसणाची चटणी भातावर घेऊन खात. घरी कुणी राणी म्हणत नसल्यामुळे नंदा एकही शनिवार चुकवत नसे.

२

पहिला रोल उदयने रविवारी दुपारी धुतला. बाथरूमच्या खिडकीला काळा कागद, टबवर फळी, फळीवर ट्रे, दाराखाली टॉवेल. लाल दिवा लावून त्याने बाराही फोटोंची एका कागदावर छोटी छोटी प्रत काढली. ट्रेमधल्या पाण्यात कागद हलवताना चेहरे हळूहळू वर येतात, ते बघायला त्याला अजूनही आवडायचं.

चेहरे सुरेख आले होते. फंग नावाचे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे निवृत्त खलाशी तर राजासारखे बसले होते.

त्यांच्या मागे माणसं होती.

उदयने भिंग घेतलं. गल्लीच्या टोकाला, हिरव्या दारासमोर, भिंतीला धरून सात जण उभे होते. एकामागे एक. कॅमेऱ्याकडे पाठ. थोडे अस्पष्ट, पण माणसंच. कुणी एका पायावर भार दिलेला, कुणाच्या हातात पिशवी. पोस्टात उभी असतात तशी, अगदी मुकाट.

बाराही फोटोंत तेच सात. पहिल्यातसुद्धा, जिथे खुर्ची रिकामी होती.

आता खोट काढणारा माणूस काय करेल? त्याने खोट काढायला सुरुवात केली. रोल आधी वापरलेला असेल. नव्हता, त्याने स्वतः पाकीट फोडलं होतं. भिंगात धूळ असेल. धुळीला टोप्या नसतात. मग क्लबचीच माणसं तिथे जाऊन उभी राहिली असतील. पण गल्लीत शिरायला एकच तोंड, त्याला झाडू आडवा, आणि तो स्वतः दोन तास त्याच दिशेला बघत होता. त्याच्या आठवणीतली गल्ली रिकामी होती. त्यात एक कबुतर होतं. कबुतर फोटोत नव्हतं.

"झालं का?" बाहेरून नंदाने दार ठोठावलं. "मला डोकं धुवायचंय."

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटं सकाळी झाली."

त्याने कागद वाळायला टांगला आणि नंदाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? गल्लीत माणसं आली, एवढंच ना. गल्लीत माणसं येतातच.

गुरुवारी क्लबमधून फोन आला. फंग रात्री झोपेत गेले होते. मुलीने वडिलांच्या फोटोबद्दल इतके आभार मानले, की उदयला संकोच वाटला. फोन ठेवल्यावर त्याने तो कागद पुन्हा काढला. रांगेत सर्वांत पुढे, दाराला नाक लावून उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर फंगांची चपटी टोपी होती. खुर्चीत बसलेल्या फंगांच्या डोक्यावरही तीच.

३

पुढच्या खेपेला उदयने आधी त्या दारापाशी जाऊन पाहिलं. हिरव्या रंगाचे इतके थर चढले होते, की फट उरलीच नव्हती. कडी नव्हती, कुलूप नव्हतं. त्याने ठोकून पाहिलं. विटेवर ठोकल्यासारखा आवाज आला.

"मागे काय आहे?" त्याने लाऊबाईंना विचारलं.

"भिंत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून भिंतच आहे."

"मग दार कशाला?"

"भिंतीला विचार. मला चहा करायचाय."

उदयने कॅमेरा लावला. समोर रिकामी खुर्ची, मागे रिकामी गल्ली. त्याने ती डोळ्यांनी नीट तपासली, डावीकडून उजवीकडे, पगारी माणसासारखी. मग बटण दाबलं.

खट्.

आणि त्याच्या लगोलग, गल्लीच्या टोकाकडून: खर्रर्र.

फार मोठा आवाज नव्हता. गोट्यांवर बरेच जोडे एकदम, एकच पाऊल पुढे ओढले जावेत, तेवढा. आपण रोज ऐकतो तो आवाज. काउंटरवरचा माणूस 'नेक्स्ट प्लीज' म्हणतो आणि सगळे न बघता एक पाऊल सरकतात, तो.

समोर कुणी नव्हतं. कबुतरसुद्धा नव्हतं.

त्या रोलमध्ये मागे सहा जण उभे होते.

दोन आठवड्यांनी चॅन म्हणून एक आचारी गेले. त्यानंतरच्या रोलमध्ये पाच. 'थंडी पडायला लागली, या वयाची माणसं थंडीत जातात,' उदय स्वतःला समजावायचा. ते खरंही होतं. ऐंशी-नव्वदीच्या लोकांचे फोटो काढायचे आणि ते मरतात म्हणून नवल करायचं, हा कुठला शहाणपणा? पण शहाणपण दिवसा ठीक असतं. बाथरूममध्ये लाल दिव्याखाली दुपारीही दिवस नसतो.

त्या तिसऱ्या रोलचा पहिला फोटो त्याने मोठा करायला घेतला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दुखऱ्या दातावर जीभ जाते तशी त्याची नजर त्या पाठींवर जात होती.

ट्रेमध्ये कागद सोडला. आधी विटा आल्या. मग दार. मग पाठी. सर्वांत पुढे काठी टेकलेली एक म्हातारी. तिच्या मागे दुसरी बाई, तिच्यापेक्षा ताठ. हाताची घडी. भार डाव्या पायावर, उजव्या पायाचा चवडा अधीरपणे किंचित उचललेला.

सत्तावीस वर्षं त्याने तो चवडा पाहिला होता. बसस्टॉपवर, शाळेच्या फाटकाशी, विमानतळावर. तोंड दिसायची गरजच नव्हती.

बाथरूमच्या दारावर थाप पडली.

"अहो, चहा गार होतोय," नंदा म्हणाली.

४

तो बाहेर आला. नंदा ओट्याशी उभी राहून बिस्किटांचा पुडा फोडत होती. हाताची घडी नव्हती, एवढंच. तो बघत राहिला.

"काय झालं? भूत बघितल्यासारखं काय बघताय?"

"तुला बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीये?"

"थकवा वगैरे?"

"छप्पन्न वर्षांचा मुलगा सांभाळायचा म्हटल्यावर थकवा येणारच."

"एकदा जीपी डॉक्टरांना दाखवू या. सगळ्या टेस्ट करून घेऊ."

नंदाने बिस्किट खाली ठेवलं. "अहो, दुखत काही नाही, खुपत काही नाही, आणि जीपीला जाऊन काय सांगू? की नवऱ्याला संशय आलाय?"

तीन दिवस तो मागे लागला. तिने हसून घेतलं, मग चिडून घेतलं, मग ऐकायचंच सोडलं. शेवटी उदयने हुकमाचा एक्का टाकला.

"तू टेस्ट करून आलीस तर बाथरूम सोडतो. कायमची."

नंदाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग फोन उचलून सरळ अपॉइंटमेंट घेतली. बायकोला नवऱ्याच्या प्रेमाची खात्री कशाने पटेल याचा नेम नसतो.

रक्त झालं, लघवी झाली. त्यात काहीतरी बारीकसं सापडलं, म्हणून स्कॅन झाला. त्यांची मुलगी अन्वी लीड्सच्याच एका हॉस्पिटलात रेडिओग्राफर होती. जन्म इथला, मराठी घरातली, व्याकरण ज्याचं त्याने सांभाळावं असं. रिपोर्टच्या दिवशी ती संध्याकाळी घरी आली, कोट न काढताच सोफ्यावर बसली.

"बाबा, आईची रिपोर्ट आली. किडनीवर गाठ आहे. छोटा नाहीये. आणि ती एका मोठ्या व्हेनच्या अगदी जवळ बसलाय, सो ऑपरेशन थोडी ट्रिकी आहे."

नंदाने अन्वीच्या कोटाचं वरचं बटण काढलं, लहानपणी काढायची तसं.

"पण आत्ता सापडला ते खूप चांगली झाली," अन्वी घाईने म्हणाली. "सहा महिन्यांनी आला असता तर... कन्सल्टंट विचारत होती, काही त्रास नव्हता तर तुम्हाला कळला कसा?"

दोघींनी उदयकडे पाहिलं.

"असंच," उदय म्हणाला. "मनात आलं."

ऑपरेशन डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी ठरलं. त्या रात्री नंदा शांत झोपली आणि उदय तिच्या पाठीकडे बघत पडून राहिला. मनात भीती होती, हे खरं. पण भीतीच्या खाली, लाज वाटावी इतकी, कृतज्ञता होती. त्या पाठीने त्याला सांगितलं नसतं तर कुणी सांगितलं असतं? फक्त एवढंच कळत नव्हतं, की सांगणाऱ्याने इशारा दिला होता, की नुसती तारीख कळवली होती.

५

मधल्या शनिवारी तो एकटाच जाऊन आला. अकरा म्हाताऱ्यांपैकी चारच आले होते. लंच क्लबातल्या यिपबाई गेल्या होत्या. त्या काठी घेऊन चालायच्या.

रोल त्याने ऑफिसच्या मित्राच्या घरी धुतला, कारण बाथरूमचा शब्द पाळायचा होता. मित्राच्या न्हाणीघरातही चित्र बदललं नाही. दारासमोर चौघं. सर्वांत पुढे नंदा. इतकी पुढे, की दाराच्या हिरव्या रंगावर तिची सावली पडली होती.

ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी, नंदाला अन्वीच्या ताब्यात देऊन, तो पुन्हा लिव्हरपूलला गेला. कशासाठी? न जाऊन काय करायचं हे कळत नव्हतं म्हणून. लाऊबाईंच्या स्वयंपाकघरात बसून त्याने चारही कागद टेबलावर मांडले. इतके दिवस कुणालाही दाखवले नव्हते. हसतील याची भीती नव्हती. कुणी हसणार नाही याची होती.

लाऊबाईंनी चष्मा बदलला. पहिला कागद बघितला, दुसरा बघितला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. शेगडीवर भात रटरटत होता.

"फंग," त्या म्हणाल्या. "चॅन. यिपची काठी, तिच्या मेलीच्या कमरेत वाकच होता. आणि ही आपली क्वीन."

"हो."

"ही कशी काय पुढे? हिचं वय काय?"

"त्रेपन्न."

"छे." त्यांनी चौथा कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ तसाच धरला. मग बोटाने नंदाच्या मागची आकृती दाखवली. बुटकी, आखूड केसांची, दोन्ही हात कंबरेवर. "आणि ही कोण, ओळखलंस?"

उदयने मान खाली घातली. त्याने ओळखलं होतं.

"मी फोटोच काढले नाहीत तर?" तो म्हणाला. "कॅमेरा घरी ठेवला, तर रांग सरकणार नाही, असं नाही का होणार?"

"बसस्टॉपचा फोटो काढला नाही म्हणून बस यायची थांबते का, लव्ह?"

त्या उठल्या, भाताखालचा गॅस बारीक केला, आणि कपाटातून जांभळ्या रंगाचा एक लोकरी कोट काढला. पाठीमागे टॅग अजून तसाच होता.

"फंग खुर्चीत बसला आणि गेला. चॅन बसला, यिप बसली. क्वीन बसली का कधी?"

"नाही."

"मीही नाही. मी आधी बसले, तर नंबर आधी माझा." त्यांनी दाताने टॅग तोडला. "तुला सांगते, या देशात मी सत्तर वर्षं काढली. इथले लोक आगीत जळतील पण रांग मोडणार नाहीत. मी प्रत्येक मोडली. ब्रेडची, बसची, कौन्सिलची. शिव्या खाल्ल्या, पण कधी उभी राहिले नाही. तुझी बायको सभ्य आहे. ती 'आधी तुम्ही' म्हणणार. तिच्यापुढे घुसणं एकदम सोपं."

"लाऊबाई, नको."

"नको काय? कॅमेरा आणलायस ना?"

"मी नाही काढणार."

"मग ट्यूबलाइटखाली माझा फोटो माझी सून काढेल, मोबाइलवर. तुला बरं वाटेल?" त्यांचा आवाज खाली आला. "माझे गुडघे गेले. माहजाँगला चौथी भिडू मिळत नाही. फंगकडे माझी एक गोष्ट राहिलीये, ती त्याला सुनवायचीये. मी काही तुझ्यासाठी जात नाहीये. डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस. उचल ती खुर्ची."

६

गल्लीत ऊन नव्हतं, पण उजेड होता. लाऊबाई खुर्चीत बसल्या. पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून उदयने खाली विटा ठेवल्या. त्यांनी केसांवरून हात फिरवला, हनुवटी वर केली.

"तोंडात काही नाही ना?" उदयने विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"दात आहेत. काढू?"

"राहू दे."

त्याने भिंगातून पाहिलं. खुर्ची, जांभळा कोट, मागे रिकामी गल्ली, हिरवं दार. बटणावर बोट होतं. ते बोट त्याचं होतं आणि दाबायचं की नाही हे त्यालाच ठरवायचं होतं. मंगळवारी एक डॉक्टरीणबाई नंदाच्या पोटात हात घालणार होती, एका मोठ्या नसेच्या अगदी शेजारी. आणि समोर एक म्हातारी बसली होती, जिच्या भाताखालचा गॅस अजून चालू होता.

'हे सगळं खोटं आहे,' त्याने स्वतःला सांगितलं. 'खोटं असेल तर दाबायला हरकत काय?' आणि लगेच दुसरं मन म्हणालं, 'खोटं असेल तर न दाबायला तरी हरकत काय?'

"लवकर," लाऊबाई म्हणाल्या. "गारठा आहे."

त्याने दाबलं. का दाबलं, हे नंतर त्याने कुणालाच सांगितलं नाही. उत्तर फार सोपं होतं आणि माणसाने मोठ्याने म्हणावं असं नव्हतं.

खट्.

तो थांबला. नेहमीचा एका पावलाचा आवाज आला नाही. त्याऐवजी गल्लीच्या टोकाला एकदम गडबड झाली. जोडे घसटले, कुणाचा तरी तोल गेला, पिशवी भिंतीवर आपटली. आणि मग बऱ्याच माणसांनी एकाच वेळी दातांतून श्वास आत ओढावा, तसा एक लांब, नापसंतीचा 'त्स्स्' आला.

मग काही नाही.

लाऊबाई खुर्चीत होत्या तशा बसल्या होत्या. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्या डोळ्यांत, कसं सांगावं, शाळेतल्या द्वाड मुलीचा आनंद होता.

"आला ना नीट?" त्यांनी विचारलं.

"हो," उदय म्हणाला. त्याला रडू फुटत होतं. तो त्यांच्या पाया पडायला वाकला.

"हे काय करतोस? नाडी सुटली का बुटाची?"

"आमच्यात असं करतात."

"तुमच्यात काहीही करतात. चल, भात लागेल."

७

मंगळवारी ऑपरेशन साडेपाच तास चाललं. त्यातली वीस मिनिटं बरी नव्हती, असं कन्सल्टंटने नंतर स्वतः येऊन सांगितलं. रक्त थांबत नव्हतं. मग थांबलं. "मी पुन्हा पाहिलं तर थांबलेलं होतं," ती म्हणाली, आणि तिलाही ते फारसं पटलेलं दिसलं नाही. गाठ पूर्ण निघाली होती.

उदयने तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. तिने सोडवून घ्यायची घाई केली नाही, याबद्दलही तो आयुष्यभर तिचा ऋणी राहील.

संध्याकाळी नंदा शुद्धीवर आली. ओठ कोरडे, आवाज तळघरातून आल्यासारखा. उदय आणि अन्वी दोन बाजूंना वाकले.

"काय लोक असतात हो," नंदा पुटपुटली.

"काय झालं, आई?" अन्वी म्हणाली. "दुखतंय का?"

"इतका वेळ उभी होते मी. माझा नंबर आला होता. दार उघडत होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी आलं आणि असं ढकललं... 'सॉरी' नाही, काही नाही. सरळ पुढे."

"आई, ते ॲनेस्थेशिया आहे. सगळ्यांना असा होते."

"ढकललं म्हणजे काय. बरगडीत लागलं." नंदाने डोळे मिटले. "मी म्हटलं, अहो बाई, रांग आहे. तर मला म्हणते, तू जा घरी."

अन्वी हसली आणि नळ्या तपासायला लागली. उदय खिडकीपाशी गेला. खिशात फोन थरथरत होता. लिव्हरपूलचा नंबर. लाऊबाईंची सून बोलत होती. आज माहजाँगला चौथी मिळाली होती, सासूबाई डाव जिंकल्या, शेवटची सोंगटी टेबलावर ठेवली आणि तशाच खुर्चीत गेल्या. दुपारी तीनच्या सुमारास. काही त्रास नाही. शनिवारी काढलेला फोटो मिळेल का? त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की आपल्याकडे एक चांगला फोटो आहे.

"उद्या देतो," उदय म्हणाला. आणखी बरंच म्हणायचं होतं. त्याने 'थँक यू' म्हटलं, दोनदा, तिसऱ्यांदा. सुनेला वाटलं, माणूस दुःखाने गोंधळलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नंदाला विचारलं, फक्त एकदा, शेवटचं, बाथरूम वापरू का? नंदा म्हणाली, मी इथे तीन दिवस आहे, काय गोंधळ घालायचा तो घाला.

काळा कागद, फळी, ट्रे, लाल दिवा. त्याने प्रत मोठी काढायची ठरवली होती, देव्हाऱ्याशेजारी ठेवता येईल एवढी. कागद पाण्यात सोडला आणि हलवत राहिला. आधी जांभळा कोट आला, करडा होऊन. मग हनुवटी. मग लाऊबाईंचे ते डोळे. फोटो चांगला होता. त्याने आजवर काढलेल्यांत सर्वांत चांगला.

मागची गल्ली सावकाश वर येत होती. बघू नये असं त्याने ठरवलं होतं. चेहऱ्याभोवती कापून द्यायचा आणि बाकीची पट्टी फाडून टाकायची.

त्याने पाहिलं.

दारासमोर, सर्वांत पुढे, एक बुटकी पाठ होती. दोन्ही हात कंबरेवर. आणि या खेपेला दार बंद नव्हतं. बोटभर उघडलं होतं. त्या फटीत काय होतं ते कागदावर येऊ लागलं, काळ्याहून काळं. त्याने घाईने त्यावर अंगठा ठेवला आणि उचललाच नाही.

म्हणून तो दुसरीकडे बघू शकला. रांगेच्या बाहेर, एका बाजूला, ढकलल्यामुळे तोल सावरत एक बाई उभी होती. इतक्या दिवसांत, इतक्या पाठींमध्ये, पहिल्यांदाच कुणाचं तोंड कॅमेऱ्याकडे वळलं होतं. नंदाच. भुवया जुळलेल्या, ओठ आवळलेले, एक हात बरगडीवर. भयंकर रागावलेली. कुणीतरी सभ्यपणा सोडून पुढे घुसल्यावर चांगल्या घरची बाई जशी सगळ्या जगाकडे न्याय मागत बघते, अगदी तशी सरळ उदयकडे बघत होती.

टबच्या कडेवर बसून उदय त्या रागाकडे बघत राहिला. इतकं सुंदर काही त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. पाण्यात बुडालेला अंगठा बधिर होत चालला होता आणि अंगठ्याखालून, कागदाच्या आतून, काहीतरी अगदी हलकं, एकदाच, वर टेकलं.

त्याने अंगठा तसाच दाबून धरला. "थँक यू, लाऊबाई," तो म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने लाल दिवा बंद केला.